ग्लुटेनरहित घरगुती आहार

ग्लुटेनरहित घरगुती आहार : गहू, जव (सातू) व राय या धान्यांत असणाऱ्या ग्लुटेन या प्रथिनसमूहाचा अंश वगळून घरी शिजविलेल्या अन्नास ही संज्ञा लावतात. सीलिॲक रोग असलेल्या व्यक्तीस असा आहार जन्मभर घ्यावा लागतो व या रोगावर आजवर तोच एक खात्रीचा उपचार ठरला आहे. महाराष्ट्र व गोवे या प्रदेशांतील परंपरागत स्वयंपाक ज्वारी, बाजरी, नाचणी व तांदूळ या धान्यांवर आधारलेला असल्याने त्यातील बरेचसे रोजचे पदार्थ मुळातच ग्लुटेनरहित असतात. रुग्णाला त्यासाठी परके किंवा महागडे अन्न शोधावे लागत नाही. तथापि याच स्वयंपाकघरात मेतकूट, भाजणी, हिंग व गिरणीवरचे दळण यांच्या वाटेने गहू नकळत ताटात येतो. हा अंश दिसत नाही व चवीलाही कळत नाही. पोळी सोडूनही प्रकृती सुधारत नसलेल्या रुग्णांच्या बाबतीत त्याचे कारण पुष्कळदा येथेच सापडते.

ग्लुटेन व त्याचे कार्य : गव्हाच्या पिठाचा गोळा वाहत्या पाण्याखाली मळत राहिल्यास स्टार्च धुऊन जातो आणि हातात चिवट, रबरासारखा लगदा उरतो. तोच ग्लुटेन होय. बोलोन्या येथील याकोपो बार्तोलोमेओ बेक्कारी यांनी १७२८ मध्ये तो वेगळा करून दाखविला व त्यांचा वृत्तांत १७४५ मध्ये प्रसिद्ध झाला. ग्लुटेनामध्ये मुख्यतः ग्लायाडीन व ग्लुटेनीन ही दोन प्रकारची प्रथिने असतात. ग्लायाडिनामुळे कणीक पसरते, तर ग्लुटेनिनामुळे ती ताणली जाऊन पुन्हा आखडते. पाणी घालून मळताना या दोहोंचे जाळे तयार होते. पोळी पातळ लाटता येणे, तिला पदर सुटणे व पाव फुगणे या सर्व क्रिया या जाळ्यावर अवलंबून असतात [⟶ गहू]. जवातील हॉर्डीन व रायमधील सेकॅलीन ही ग्लायाडिनाची सगोत्र प्रथिने होत. ज्वारी, मका व तांदूळ यांतही प्रथिने असतात. परंतु त्यांची रचना वेगळी असल्याने त्यांचे असे जाळे होत नाही आणि सीलिॲक रोग्याच्या आतड्यास ती अपायही करीत नाहीत.

ऐतिहासिक आढावा : पोट फुगणे, सतत जुलाब व झडत जाणारे शरीर अशा विकाराचे वर्णन कॅपाडोशियाच्या अरेटीअस या ग्रीक वैद्याने इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत केले होते. ‘सीलिॲक’ ही संज्ञा उदर या अर्थाच्या त्याच्याच शब्दावरून आली आहे. लंडनच्या सेंट बार्थॉलोम्यू रुग्णालयातील सॅम्युएल गी यांनी १८८८ मध्ये बालकांतील या रोगाचे नेमके वर्णन प्रसिद्ध केले. रुग्ण बरा होणारच असेल, तर तो आहारानेच होईल, असा त्यांचा अभिप्राय होता. मात्र कोणता आहार हे ठरण्यास आणखी सहा दशके लागली. मधल्या काळात न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी १९२४ मध्ये पुरस्कारलेला केळ्यांचा आहार लोकप्रिय झाला. त्याने मुले सुधारत. पण त्याचे श्रेय केळ्यांचे नसून त्या आहारातून वगळल्या गेलेल्या पावाचे होते, हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही.

खरे कारण ओळखले ते विलेम डिके या डच बालरोगतज्ञाने. हेग येथील बालरुग्णालयात काम करीत असताना गहू वगळलेल्या आहाराचे प्रयोग त्यांनी १९३०–४० या दशकातच सुरू केले होते. १९४४–४५ च्या हिवाळ्यात जर्मन ताब्यातील नेदर्लंड्समध्ये भीषण अन्नटंचाई झाली. पाव मिळेनासा झाला, लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले. त्याच काळात डिके यांच्या सीलिॲक रुग्णांची प्रकृती मात्र सुधारली आणि पावाचा पुरवठा सुरू होताच ती पुन्हा ढासळली. डिके यांनी आपला प्रबंध १९५० मध्ये उत्रेक्त विद्यापीठास सादर केला. त्यानंतर वेयर्स व व्हान डे कामर या सहकाऱ्यांसह त्यांनी अपायकारक घटक स्टार्च नसून ग्लुटेन आहे, हे दाखवून दिले. १९५४ मध्ये पॉली यांनी रुग्णांच्या लहान आतड्यातील विकृतीचे वर्णन केले. पुढे तोंडावाटे नळी घालून आतड्याचा तुकडा तपासण्याची सोय झाली व निदान निश्चित करता येऊ लागले.

रोगाचे स्वरूप : ग्लायाडिनात प्रोलीन व ग्लुटामीन ही ॲमिनो अम्ले विपुल असल्याने पाचक रसांनी त्याचे पूर्ण विघटन होत नाही. उरलेले तुकडे आतड्याच्या अस्तरात शिरतात. तेथे ऊतक ट्रान्सग्लुटामिनेज हे एंझाइम त्यांच्यात थोडा बदल घडविते आणि विशिष्ट आनुवंशिक ठेवण असलेल्या व्यक्तींत शरीराची प्रतिरक्षा यंत्रणा त्यांवर व स्वतःच्या ऊतकावरही हल्ला करते. परिणामी लहान आतड्यातील बोटासारखे सूक्ष्म उद्वर्ध झिजून सपाट होतात आणि अन्नाचे शोषण घटते. बालकांत वाढ खुंटते, पोट पुढे येते, जुलाब होतात. मोठ्या माणसांत पुष्कळदा पोटाची काहीच तक्रार नसते. लोह देऊनही न हटणारा रक्तक्षय, हाडांचा ठिसूळपणा, तोंड येणे वा वारंवार गर्भपात एवढेच लक्षण दिसते. गव्हाची ॲलर्जी हा वेगळा विकार आहे, तसेच चाचण्या निर्दोष असूनही गव्हाने अस्वस्थता वाटणे ही अवस्थाही वेगळी आहे.

निदान करून घेण्यापूर्वी गहू सोडणे ही मोठी चूक ठरते. आहारातून ग्लुटेन गेले की रक्तातील प्रतिपिंडे घटतात, अस्तर भरून येऊ लागते व चाचणी फसवी निघते. गहू सोडून बरे वाटले, एवढ्यावर जन्मभराचे पथ्य बेतणे योग्य नव्हे.

भारतात हा रोग विरळ आहे, असा समज बराच काळ होता. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व देशाच्या तीन भागांत घेतलेल्या पाहणीत रोगसूचक प्रतिपिंडांचे प्रमाण उत्तर भारतात १·२३ टक्के, ईशान्य भारतात ०·८७ टक्के व दक्षिण भारतात ०·१० टक्के आढळले. रोगास अनुकूल आनुवंशिक ठेवण तिन्ही भागांत फारशी भिन्न नसून गव्हाच्या सेवनात मात्र मोठे अंतर होते. महाराष्ट्राच्या दृष्टीने ही बाब विचार करण्याजोगी आहे. येथे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गहू हे बव्हंशी सणावाराचे व सुखवस्तू घरांचे धान्य होते. अमेरिकेशी १९५६ मध्ये झालेल्या करारानुसार आलेला गहू, हरितक्रांती आणि शिधावाटप यांमुळे पोळी सर्वत्र रोजची झाली आणि भाकरी शहरांतून मागे पडली.

किती अंश चालतो : घरात सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आणि त्याचे उत्तर आकड्यांतच द्यावे लागते. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत दिवसाकाठी १० मिग्रॅ.पर्यंत ग्लुटेन पोटात गेल्यास आतड्यास इजा होत नाही. मात्र ५० मिग्रॅ. एवढा अंश रोज गेल्यास काही महिन्यांत अस्तर बिघडते. गव्हाच्या पिठात स्थूलमानाने दहा टक्के ग्लुटेन धरल्यास ५० मिग्रॅ. म्हणजे केवळ अर्धा ग्रॅम कणीक. लाटताना पोळपाटावर भुरभुरलेली एक चिमूट पिठी एवढी भरते. पंचवीस ग्रॅम कणकेच्या एका पोळीत त्याच्या पन्नासपट ग्लुटेन असते. ‘ग्लुटेनरहित’ असा निर्देश करावयाच्या पदार्थासाठी आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेने व भारतीय नियमांनीही दर किलोग्रॅमला २० मिग्रॅ. ही कमाल मर्यादा घातली आहे. घरगुती मापात सांगावयाचे तर पाच किलो ज्वारीच्या पिठात एक ग्रॅम कणीक मिसळली की ही मर्यादा गाठली जाते.

भाकरी : ग्लुटेनाचा आधार नसताना पिठाची पातळ, मऊ व फुगणारी चकती कशी करावी, या प्रश्नाचे महाराष्ट्राने शोधलेले उत्तर म्हणजे भाकरी. त्यातील प्रत्येक कृतीला कारण आहे. ज्वारीच्या पिठात उकळते आधण ओततात. सु. ७०° से. च्या पुढे स्टार्चाचे कण पाणी पिऊन फुगतात व चिकट होतात. हा चिकटपणा जाळ्याची जागा अंशतः भरून काढतो. नंतर तळहाताच्या टाचेने रगडून पीठ मळतात. एका भाकरीपुरताच गोळा घ्यावयाचा, कारण मळून ठेवलेला गोळा कोरडा पडतो व कडा चिरतात. काठवटीत किंवा परातीत कोरडे पीठ पसरून गोळा फिरवीत थापतात. लाटण्याचा दाब हे पीठ सोसत नाही. तव्यावर टाकल्यावर वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवितात. त्यामुळे सुटे पीठ निघून जाते आणि पृष्ठभागावरील स्टार्च शिजून त्याचा अखंड पापुद्रा होतो. शेवटी भाकरी निखाऱ्यावर किंवा ज्योतीवर धरली की आत कोंडलेली वाफ तिला फुगविते.

दळण जुने झाले की पिठाची विरी जाते व भाकरी थापताना तुटते. म्हणून ज्वारीचे पीठ आठवड्याला लागेल तेवढेच दळून आणण्याची पद्धत होती. बाजरीच्या बाबतीत हे अधिकच आवश्यक असते, तिच्यात सु. पाच टक्के स्निग्धांश असून दळल्यावर काही दिवसांतच पीठ कडवट होते. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी भाकरीस विशेष पसंत केली जाते. कोकणात तांदळाच्या पिठाची आधी उकड काढून मग भाकरी थापतात. नाचणीचे पीठही उकडीने अधिक मऊ राहते. ग्लुटेनरहित पाव करणारे कारखाने आज इसबगोल, झँथन गोंद किंवा आधी शिजविलेला स्टार्च पिठात मिसळतात. यांपैकी शेवटच्या युक्तीमागील तत्त्व उकड काढणाऱ्या घराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. नवशिक्याने किलोभर ज्वारीच्या पिठास दोनतीन चमचे इसबगोल मिसळल्यास भाकरी लाटतादेखील येते. सराईत हाताला त्याची गरज भासत नाही.

जिव्हाळ्याचे पदार्थ : आजारपणात, पावसाळी संध्याकाळी किंवा प्रवासाहून थकून आल्यावर जे साधे अन्न हवेसे वाटते, त्यातील बहुतेक मराठी पदार्थ भाताचे वा भरड धान्याचे आहेत. कोकणातील उकड्या तांदळाची पेज, आल्यालसणीची फोडणी दिलेली ताकातील तांदळाची उकड, घावन, आंबोळी, नारळाच्या रसातील शिरवाळे व हळदीच्या पानातील पातोळे ही त्याची उदाहरणे होत. गोव्यात सान्नां व पोळे हे तांदळाचे, तर पोदेराकडून दारी येणारा पाव गव्हाचा असतो. देशावर ज्वारीच्या कण्या ताकात शिजवितात, आंबील करतात आणि गरम भाकरी दुधात वा पिठल्यात कुस्करून खातात. खानदेशात ज्वारी व उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी वांग्याच्या भरताबरोबर खातात. विदर्भातील उकडपेंडी कणकेची करतात, तशीच ज्वारीच्या पिठाचीही होते. दुसरी घेतली म्हणजे झाले. थालीपीठ हे या सर्वांत वरचढ. परंतु त्याच्या भाजणीविषयी पुढे सांगितले आहे.

उपवासाचे पदार्थ या दृष्टीने निर्धोक आहेत. उपवासाला गहू वर्ज्य असतो आणि फोडणीत हिंगही घालीत नाहीत. वरईचे तांदूळ, राजगिरा, शिंगाडा व साबुदाणा यांत ग्लुटेन नसते. एरवी घरी प्रत्येक घासाची चौकशी करणारे मूल एकादशीच्या दिवशी सर्वांच्या पंगतीत निःशंकपणे जेवू शकते. मात्र साबुदाणा हा जवळजवळ शुद्ध स्टार्च असल्याने पोषणासाठी त्यावर भिस्त ठेवता येत नाही. राजगिरा व वरई त्याहून कितीतरी सरस होत.

गव्हाच्या छुप्या जागा : तूपमेतकूट घातलेला गुरगुट्या भात हे महाराष्ट्रातील आजाऱ्याचे पहिले अन्न. पोट बिघडलेल्या मुलाला आजी तेच भरविते. परंतु हरभरा व उडीद यांच्या डाळी आणि तांदूळ यांबरोबर मेतकुटात थोडे गहू भाजून घालण्याचा प्रघात अनेक घरांत आहे. त्यात दहावा हिस्सा गहू धरला, तर दहा ग्रॅम मेतकुटातून सु. १०० मिग्रॅ. ग्लुटेन जाते, म्हणजे दिवसाच्या मर्यादेच्या दहापट. ज्या मुलाचे पोट गव्हाने बिघडले आहे, त्याला बरे वाटावे म्हणून गहूच दिला जातो आणि देणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते. थालिपिठाच्या भाजणीतही गहू असतोच. त्याच प्रमाणाने साठ ग्रॅम भाजणीच्या एका थालिपिठात ६०० मिग्रॅ. ग्लुटेन येते. मराठवाड्यातील धपाट्यांत ज्वारी व बेसन यांच्या जोडीला बांधणीसाठी कणीक घालतात. सातूच्या पिठात जव किंवा गहू असतो व ते बाळाला पचायला हलके म्हणून दिले जाते. या सर्वांतून गहू काढून टाकता येतो व त्याने चवीत फरक पडत नाही. मेतकुटात त्याऐवजी थोडे तांदूळ वाढवावेत, भाजणीत ज्वारी वाढवावी आणि घरातील सर्वांसाठी एकच मिश्रण करावे. दोन डबे ठेवले की केव्हातरी चमचा एकाचा दुसऱ्यात जातोच.

हिंगाविषयी फार बोलले जाते. बाजारातील बांधानी हिंग हा शुद्ध नसून मूळ राळेत डिंक व मैदा किंवा तांदळाचे पीठ मिसळून केलेला असतो. मैद्याचा हिंग वर्ज्य करणे योग्यच. पण प्रमाण पाहिल्यास चिमूटभर हिंगातून आमटीच्या साऱ्या पातेल्यात जाणारे ग्लुटेन काही मिलिग्रॅमच असते. हिंगाची डबी बदलून निर्धास्त झालेले व मेतकुटाची बरणी तशीच ठेवलेले घर उलट्या क्रमाने सावध झालेले असते. खडा हिंग किंवा वेष्टनावर तांदळाच्या पिठाचा उल्लेख असलेला हिंग घेतल्यास हा प्रश्न सुटतो.

याउलट गिरणीची बाब गंभीर आहे. गव्हाच्या दळणानंतर जात्याच्या पाळ्यांत व नळीत राहिलेली कणीक पुढच्या दळणात उतरते. ती पन्नास ग्रॅम धरली, तरी पाच किलो ज्वारीच्या पिठात दर किलोस १,००० मिग्रॅ. ग्लुटेन होते, म्हणजे वर दिलेल्या मर्यादेच्या पन्नासपट. अशा पिठाच्या दोन भाकऱ्यांनीच दिवसाची मर्यादा ओलांडली जाते. रोज भाकरी खाणाऱ्या व तरीही न सुधारणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत प्रथम गिरणीची चौकशी करावी. घरघंटी असल्यास उत्तम. मात्र तिच्यात गहू कधीच दळू नये. ती नसल्यास, गिरणीवाल्याला विनंती करून गिरणी झाडून घ्यावी, आधी किलोदोन किलो तांदूळ दळून ते पीठ घरातील इतरांसाठी वेगळे ठेवावे आणि मग आपले दळण टाकावे. हा मार्ग कामचलाऊच होय. त्याने अंश घटतो, नाहीसा होईलच असे नाही. उपवासाचे दळण ठराविक दिवशी, गिरणी साफ करून वेगळे दळून देण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. त्या दिवशी उपवासाच्या दळणामागोमाग ज्वारी टाकणे अधिक सोयीचे ठरते. बाजारातून आणलेली ज्वारीही निवडून घ्यावी, कारण एकाच वखारीतल्या पोत्यांतून गव्हाचे दाणे तिच्यात येतात. पूर्वी दळण सुपात निवडूनच गिरणीत जात असे. तयार पिठाच्या पिशवीने ती सवय मोडली.

पोळपाट, लाटणे व लाकडी काठवट यांच्या चिरांत कणीक बसते, ती धुऊनही निघत नाही. ही साधने वेगळी असावीत. पोलादी परात व तवा नीट घासल्यास चालतात. पोळ्या भाजून झाल्यावर त्याच तव्यावर भाकरी टाकण्याऐवजी आधी भाकरी व मग पोळ्या हा क्रम ठेवणे सर्वांत सोपे. तळणीच्या तेलाचेही तेच. शंकरपाळे तळलेल्या तेलात साबुदाण्याचे वडे तळू नयेत. एक भांडे दुसऱ्याला लागू न देण्याची शिस्त सोवळे पाळणाऱ्या जुन्या घरांना नवी नाही. कारण मात्र येथे अगदी वेगळे आहे आणि ते लहान मुलालाही समजावून देता येते.

काही गैरसमजांचा निर्देश आवश्यक आहे. खपली गहू हाही गहूच असून त्यात ग्लुटेन असते. रवा, मैदा, शेवया व दलिया ही गव्हाचीच रूपे होत. कुटू या धान्याच्या इंग्रजी नावात गव्हाचा उल्लेख असला, तरी त्याचा गव्हाशी संबंध नाही व ते निर्धोक आहे. ओट हे स्वतः बहुतेकांना सोसते. परंतु ते सहसा गहू व जव यांच्या संसर्गातून येते, म्हणून तशी हमी असलेलेच घ्यावे. दुधात घालावयाच्या माल्टयुक्त पेयचूर्णांत जव असतो.

सण, पंगत व प्रसाद : पथ्याची खरी कसोटी रोजच्या जेवणात नसून सणाच्या दिवशी लागते. गणेशचतुर्थीचे उकडीचे मोदक, त्यांच्याबरोबर उकडलेल्या करंज्या व उरलेल्या उकडीच्या निवगऱ्या तांदळाच्याच असतात. दिवाळीतील अनारसे तांदूळ, गूळ व खसखस यांचे असतात आणि भाजणीच्या चकलीत गहू न घातल्यास तीही चालते. बेसनाचे लाडू चालतात. त्यांत रवा मिसळण्याची पद्धत असल्याने विचारून मात्र घ्यावे. संक्रांतीची तिळगुळाची वडी व भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी यांना कसलाच अडसर नाही. अडते ते होळीला. पुरण निर्धोक, कटाची आमटी निर्धोक. पण पोळीचे वेष्टन ग्लुटेनाशिवाय जमत नाही. तांदळाच्या उकडीत इसबगोल घालून केळीच्या पानावर थापलेली पुरणाची भाकरी चवदार लागते. तिला पुरणपोळी म्हणणे हे सौजन्य होय. पुष्कळ घरांत पुरणच वाटीत घेऊन दूधतुपाबरोबर खातात व ते अधिक प्रामाणिक वाटते.

सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा रव्याचा असतो. एवढ्याशा प्रसादाने काय होते, हा आग्रह प्रेमापोटी होतो आणि प्रसाद नाकारणे मुलाला व त्याच्या आईला अवघड जाते. वर दिलेल्या हिशेबाने चहाचा चमचाभर शिराही दिवसाच्या मर्यादेपलीकडे जातो. यजमानाने वरईचा किंवा राजगिऱ्याचा शिरा सर्वांसाठीच केल्यास कोणालाही वेगळे काढावे लागत नाही. निदान केळे किंवा खडीसाखर हाती ठेवता येते. ख्रिस्ती धर्मातही हा प्रश्न उद्भवला आहे. कॅथलिक प्रार्थनाविधीतील भाकर गव्हाचीच असावी लागते. पूर्णतः ग्लुटेनरहित भाकर विधीस ग्राह्य नाही, अल्प ग्लुटेनाची चालते, हे व्हॅटिकनने २०१७ च्या पत्रात पुन्हा स्पष्ट केले.

शाळेच्या डब्याचाही विचार करावा लागतो. भाकरी दुपारपर्यंत कडक होते, म्हणून डब्यासाठी घावन, धिरडी, तांदळाच्या रव्याची इडली किंवा दहीभात अधिक योग्य. मुलांना डबे वाटून खाण्याची सवय असते. ती बंद करण्यापेक्षा आपल्या डब्यात दोघांना पुरेल एवढे अधिक द्यावे व दुसऱ्याच्या डब्यातले न घेण्याचे कारण मुलाला त्याच्या भाषेत सांगावे. वर्गशिक्षकांना याची लेखी कल्पना देणे हितावह असते.

पोषणमूल्य : कारखान्यांत तयार होणारी ग्लुटेनरहित बिस्किटे व पाव बहुधा तांदळाचे पीठ आणि मका वा टॅपिओकाचा स्टार्च यांपासून करतात. त्यांत तंतू, लोह व ब गटातील जीवनसत्त्वे कमी, तर साखर व स्निग्धांश अधिक असतात आणि किंमत साध्या पदार्थाच्या अनेकपट असते. याउलट शंभर ग्रॅम नाचणीत सु. ३५० मिग्रॅ. कॅल्शियम व बाजरीत ६ ते ८ मिग्रॅ. लोह असते. रोगामुळे हाडे व रक्त यांची झालेली हानी भरून निघण्यास याच दोन घटकांची आवश्यकता असते. धान्यातील फायटिक अम्लामुळे लोहाचे शोषण घटते. मोड आणल्याने वा आंबविल्याने ते अम्ल कमी होते व भाकरीबरोबर लिंबू किंवा कैरी घेतल्यास शोषण वाढते. आंबील, मोड आलेल्या नाचणीचे सत्त्व व आंबवून केलेली आंबोळी ही म्हणून केवळ चवीची गोष्ट नव्हे. निदानाच्या वेळी पुष्कळ मुलांना दूधही सोसत नाही, कारण दुग्धशर्करा पचविणारे एंझाइम झिजलेल्या उद्वर्धांबरोबर गेलेले असते. पथ्य सुरू झाल्यावर काही आठवड्यांपासून काही महिन्यांत ते परत येते, तोवर ताक द्यावे. आतड्याचे अस्तर बालकांत सहसा लवकर भरून येते. प्रौढांत मात्र दोन वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. लक्षणे गेली म्हणून पथ्य सोडल्यास विकृती उलटते आणि पुष्कळदा ती रुग्णाला जाणवेपर्यंत बराच काळ लोटलेला असतो. म्हणून प्रतिपिंडांची चाचणी प्रथम सहा महिन्यांनी व पुढे दर वर्षी करून घेतात. ती घटत नसल्यास औषध बदलण्याऐवजी स्वयंपाकघरातील बरण्या, दळण व पोळपाट यांची पुन्हा तपासणी करतात.